भुकेल्या मुलाला शिकवण्याआधी : गावच्या शाळेतील पोषण आहार नीट चालवण्याची पद्धत

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकपदाचा प्रभार नव्याने मिळालेल्या शिक्षकाच्या हाती पहिल्या आठवड्यात ज्या नोंदवह्या येतात, त्यांत सर्वांत जाड नोंदवही बहुधा शालेय पोषण आहाराची असते. तांदळाची आवक, रोजचा खर्च, शिल्लक, इंधन व भाजीपाल्याचा हिशेब, मोबाइलवर रोज भरायची माहिती, चव नोंदवही, तपासणीचे शेरे असा तो सारा पसारा पाहिला की पोषण आहार म्हणजे कागद जुळवण्याचे काम, अशी समजूत सहज होते, आणि एकदा ती झाली की कागद जुळत राहतात आणि मुले अर्धपोटी राहतात. मी अमरावती जिल्ह्यात आधी मेळघाटात आणि पुढे दर्यापूर भागात अनेक वर्षे हे काम केले. आज वर्गातल्या सर्वांत भुकेल्या मुलाच्या पोटात वेळेवर आणि पुरेसे अन्न गेले का, एवढा एकच प्रश्न मी रोज संध्याकाळी स्वतःला विचारत असे. पुढे जे लिहिले आहे ते नवीन मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे, आणि ते सारे या एका प्रश्नाभोवती आहे.

भुकेले मूल कसे ओळखावे

सुरुवात स्वयंपाकघरातून करू नये, वर्गातून करावी. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणीला येतो आणि पुढे दोन-तीन महिने घरातील बाया सकाळीच शेताची वाट धरतात. सोयाबीनची सोंगणी, तुरीची कापणी, हरभऱ्याची काढणी अशी कामे एकामागून एक लागलेली असतात. मजुरीवर जाणारी आई पहाटे भाकरी थापते, ती स्वतःच्या आणि नवऱ्याच्या शिदोरीत बांधते आणि मुलांसाठी झाकून ठेवते. पण सात-आठ वर्षांचे मूल एकटे उठून, तोंड धुऊन, झाकलेले काढून खाईलच असे नाही. ते कोरा चहा पिऊन शाळेत येते. साडेअकराच्या सुमारास त्याचे डोके बाकावर टेकलेले दिसते, गणित फळ्यावरून उतरवताना त्याच्या ओळी सुटतात, कारण नसताना ते शेजारच्या मुलाशी भांडते किंवा पोट दुखते म्हणून घरी जाऊ द्या म्हणते. आपण त्याला आळशी किंवा खोडकर ठरवून मोकळे होतो.

मूल उपाशी आहे का, हे त्याला सरळ विचारू नये, स्वाभिमान लहान मुलालाही असतो आणि "उपाशी आहेस का?" या प्रश्नाला कोणतेही मूल हो म्हणत नाही. त्याऐवजी आठवडाभर रोज हजेरीनंतर एकेका मुलाला जवळ बोलावून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात दोन साधे प्रश्न विचारावेत.

"काल राती काय जेवलास?"

"चून-भाकर."

"अन् सकाळी?"

"च्या."

एवढ्या चार शब्दांत शिक्षकाला सगळे कळते. ही माहिती आपल्या खासगी वहीत मुलाच्या नावापुढे टिपून ठेवावी, सरकारी रकान्यात नव्हे. आठवड्याच्या शेवटी वही चाळली की काही नावांपुढे रोज चहाच दिसतो. ती पाच-सात मुले आपली पहिली जबाबदारी. आमच्या एका वर्गात अशी नऊ मुले निघाली आणि त्यांतील सहा जण वाचनात मागे असलेल्या मुलांच्या यादीतही होते. त्यांच्यासाठी आम्ही जादा तास घेण्याचे ठरवले होते. जादा तासाच्या आधी त्यांना कशाची गरज होती, हे आम्हाला त्या वहीने दाखवले.

अशा मुलांसाठी परिपाठानंतर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, किंवा शेंगदाणे, इतके जरी देता आले तरी पहिले दोन तास वाया जात नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या न्याहारीची शिफारस केलेली आहे. मात्र तिची वाट पाहत बसण्यापेक्षा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय ठेवून लोकसहभागातून ही सोय करावी. हरभरा पिकवणाऱ्या गावात फुटाण्यांना नाही म्हणणारा माणूस मला भेटला नाही. हा खाऊ निवडक मुलांना न देता सर्व वर्गाला द्यावा, म्हणजे कोणाच्या माथी गरिबीचा शिक्का बसत नाही. थोडा खर्च वाढतो, पण तो वाढू द्यावा.

जेवणाच्या सुट्टीची वेळही तपासून पाहावी. शाळा साडेदहाला भरते आणि जेवण दीड वाजता होते, असे असेल तर चहावर आलेले मूल आदल्या रात्रीपासून सोळा-सतरा तास उपाशी असते. आम्ही समितीचा ठराव घेऊन जेवण साडेबारावर आणले. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्यासाठी अर्धा तास लवकर यावे लागले, म्हणून तांदूळ निवडण्याचे काम आदल्या दिवशी दुपारी उरकण्याची सोय केली. जेवणानंतरच्या पहिल्या तासाला मुले सुस्तावतात, तेव्हा तिथे गोष्ट, कविता किंवा मोठ्याने वाचन ठेवावे आणि गणित त्यानंतर घ्यावे.

हक्क कोणता आहे, हे आधी माहीत हवे

ही योजना उपकार म्हणून चालत नाही, आणि तशा भावनेने ती राबवलीही जाऊ नये. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जात असे. तो तांदूळ घरात जाई, आणि मुलाच्या पोटात किती जाई ते कोणालाच कळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलांचा हा कायदेशीर हक्क झाला, २०१५ मध्ये त्याचे नियम आले आणि २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे आहे. गावात मात्र सगळे "खिचडी" म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

या इतिहासातून कामाची गोष्ट एवढीच घ्यायची की धान्य संपले, गॅस संपला किंवा ताई आल्या नाहीत म्हणून आज जेवण नाही, असे म्हणण्याचा अधिकार शाळेला नाही. शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता देय होतो, आणि सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यातून पाच दिवस जेवण बंद राहिले तर जबाबदारी निश्चित करावी लागते. म्हणून तांदूळ पंधरा दिवसांचा उरला की गट शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी, आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नये. भरलेले एक जादा सिलिंडर नेहमी शाळेत असावे. ताई आजारी पडल्या तर त्यांच्या जागी कोण येईल, त्या बाईंचे नाव समितीने वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवावे.

खंड पडू न देण्यामागे आणखी एक कारण आहे. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन या अर्थशास्त्रज्ञांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, प्राथमिक शाळेत पाच वर्षांपर्यंत माध्यान्ह भोजन मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, एक वर्षाहून कमी काळ ते मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक होते. हे फळ वर्षानुवर्षे न चुकता मिळालेल्या ताटाचे आहे. एखाद्या दिवशी केलेल्या पुरणपोळीने ते येत नाही.

माल मोजून घेणे, जपून ठेवणे

गाडी शाळेच्या दारात उभी असते, चालकाला पुढच्या चार शाळा गाठायच्या असतात आणि आपला वर्ग मोकळा बसलेला असतो. नेमक्या त्याच घाईत सही होते. माझ्याकडूनही ती झाली. एका वर्षी अकरा पोती न तोलता उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या काट्यावर तोलली, तेव्हा त्यांत मिळून सुमारे अठ्ठावीस किलो तांदूळ कमी भरला. पहिली ते पाचवीच्या २८० ताटल्या झाल्या असत्या त्याच्या. सही झालेली असल्याने तक्रारीला आधार उरला नव्हता, आणि ती तूट भरून काढण्यासाठी रोजच्या मापातून थोडे थोडे कमी करण्याचा मोह किती मोठा असतो, तेही तेव्हा कळले. त्यानंतर समितीच्या दोन सदस्यांना बोलावल्याशिवाय आणि प्रत्येक पोते काट्यावर चढवल्याशिवाय मी पावतीला हात लावला नाही. कमी भरलेला आकडा पावतीवरच लिहावा आणि त्याखाली चालकाची सही घ्यावी. डाळ, तेल, मीठ, मसाला यांच्या पाकिटांवरील तारखा त्याच वेळी पाहाव्यात. पाखरू लागलेले, ओल धरलेले किंवा वास येणारे धान्य उतरवूनच घेऊ नये.

पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि जुने पोते आधी संपवावे. धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला चालेल; पण घरोघरी कणगीत ठेवतात त्या विषारी गोळ्या शाळेच्या धान्यात कोणत्याही परिस्थितीत ठेवू नयेत. हे मी जरा आग्रहाने सांगतो, कारण आपला मुलूख कापसाचा आहे आणि घराच्या आड्यावर फवारणीचा डबा असणे आपल्याला नवे नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामण गावात शाळेतील जेवणानंतर २३ मुले दगावली, ती तेलात मिसळलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे. तेच औषध आपल्याकडे कपाशीवर फवारले जात आले आहे, आणि २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर कसे दगावले, ते आपण जवळून पाहिले आहे. म्हणून औषधाचा रिकामा डबा कितीही घासून-धुऊन चकचकीत केला असला तरी तो शाळेत पाण्याला, तेलाला किंवा केरासाठीदेखील येता कामा नये. तेल फक्त मोहोरबंद पाकिटातून आलेलेच वापरावे आणि कोठीची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी.

माप आणि शिजवणे

पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी तेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम होते. त्यातून लहानांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि मोठ्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा हेतू. समजा आज पाचवीपर्यंतची ४० आणि पुढची २५ मुले हजर आहेत, तर ७ किलो ७५० ग्रॅम तांदूळ, दीड किलोच्या थोडी वर डाळ आणि पावणेचार किलोच्या वर भाजी लागेल. हा हिशेब ताईंनी रोज करत बसावा अशी अपेक्षा ठेवू नये. स्टीलचा एक डबा काट्यावर ठेवून किलोभर तांदळाची आणि पाव किलो डाळीची खूण आतून कोरून द्यावी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर हजर मुलांच्या संख्येपुढे लागणारी डबामापे लिहून ठेवावीत.

हजेरीचा आकडा खरा लिहावा. वाढवून लिहिलेल्या दहा मुलांचा तांदूळ कागदावर खर्ची पडतो आणि कोठीत उरतो. मग तपासणीच्या भीतीने कागद आणि कोठी जुळवण्याचे उद्योग सुरू होतात, आणि त्या उद्योगात सर्वांत आधी मुलाच्या ताटाकडचे लक्ष उडते.

भाजीच्या बाबतीत बहुतेक शाळांत हात आखडतो, कारण इंधन व भाजीपाल्याचे पैसे उशिरा येतात. तरीही खिचडीत चार बटाटे आणि दोन टमाटे टाकून भाजी झाली, असे मानू नये. पावसाळ्यात अंबाडी आणि चवळीचा पाला, थंडीत पालक, मेथी, गाजर, आणि वर्षभर शेवग्याचा पाला व कोहळे गावातच मिळतात. पालेभाजी बारीक चिरून वरणात घातली की मुले ती वेचून बाजूला काढत नाहीत. वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला तर ताटाला जो वास येतो, त्याने नाक मुरडणारे मूलही पुढे सरकते. परसबाग लावावी, हात आणि ताटल्या धुण्याच्या पाण्यावर ती जगते. शेवग्याची दोन झाडे पहिल्याच वर्षी लावावीत.

तांदळाविषयी एक गोष्ट प्रत्येक ताईंना समक्ष बसवून सांगावी लागते. अलीकडच्या वर्षांत शाळेला पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ येऊ लागला. म्हणजे शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा तांदळाच्या पिठापासून यंत्रावर घडवलेला असतो आणि त्यात लोह, फॉलिक ॲसिड व बी-१२ जीवनसत्त्व घातलेले असते. हा दाणा रंगाने जरा वेगळा दिसतो आणि धुताना कधी पाण्यावर तरंगतो. आमच्याकडच्या ताई पहिल्या दिवशी सुपात पसरलेल्या तांदळातून असे दाणे एकेक वेचून बाजूला काढत बसल्या होत्या. "सर, थो प्लास्टिकचा तांदूळ हाये, लेकराइले कसा देऊ?" असे त्यांनी विचारले, तेव्हा सुपाच्या कडेला वाटीभर दाणे जमले होते. त्यांची काळजी खरी होती, म्हणून केवळ समजूत घालून भागले नसते. ते दाणे आम्ही त्यांच्याच हाताने वेगळे शिजवले. ते मऊ झाले, बोटाने चिरडले गेले, आणि आम्ही दोघांनी ते खाऊन पाहिले. तेव्हापासून त्यांनी गावात कोणालाही तसे बोलू दिले नाही. असा तांदूळ एक-दोनदाच धुवावा आणि भात मोजक्या पाण्यात शिजवावा. पेज ओतून दिली तर बरेचसे सत्त्व तिच्याबरोबर जाते.

दर्यापूर, तेल्हारा यांसारख्या खारपाणपट्ट्यातील गावांत डाळीचा वेगळाच प्रश्न असतो. तिथल्या खाऱ्या, जड पाण्यात तुरीची डाळ तासभर खदखदली तरी दाणा अखंड राहतो, गॅस जळतो आणि मुले पातळ पाण्यात बोटे फिरवून डाळ शोधतात. अशा गावात पिण्याला आणि डाळ शिजवण्याला नळयोजनेचे गोडे पाणी राखून ठेवावे आणि बोअरचे पाणी भांडी घासायला वापरावे. डाळ सकाळी आल्याबरोबर भिजत घालावी, मोठ्या कुकरमध्ये शिजवावी आणि मीठ शेवटी टाकावे.

वाढण्याआधी किमान अर्धा तास शिक्षकाने आणि शक्य असेल तर एखाद्या पालकाने जेवण चाखून चव नोंदवहीत सही करावी. चाखणे म्हणजे बोटावर घेणे नव्हे. एक वाटी पूर्ण खावी. रोजच्या जेवणाचा झाकलेला नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा. एखाद्या मुलाला जेवताना मळमळ किंवा उलटी झाली तर वाढणे तत्काळ थांबवावे, १०८ ला फोन करावा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि शिजवलेले अन्न फेकून न देता तपासणीसाठी झाकून ठेवावे.

स्वयंपाक करणाऱ्या ताई

पंचवीस मुलांपर्यंत एक, त्यापुढे शंभरपर्यंत दोन आणि नंतर प्रत्येक शंभरामागे आणखी एक स्वयंपाकी तथा मदतनीस असे प्रमाण आहे. त्यांचे मानधन तुटपुंजे असते आणि तेही महिनोन् महिने थकते. वेचणीच्या दिवसांत शेतातली मजुरी त्याहून जास्त पडत असतानाही त्या शाळेची चूल सोडत नाहीत, याची जाणीव मुख्याध्यापकाच्या वागण्यात दिसली पाहिजे. त्यांच्या मानधनाचा पाठपुरावा आपल्या पगाराइतक्याच तळमळीने करावा, त्यांची वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी करून घ्यावी, आणि समितीच्या सभेत त्यांना बसायला खुर्ची द्यावी. कोणत्या मुलाने ताट टाकले, कोण दोन दिवसांपासून कमी जेवते, हे आपल्या आधी त्यांना कळते. शनिवारी दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारले तरी आपल्या खासगी वहीत चार ओळींची भर पडते.

स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी महिलांना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. त्यावरून गावात कुणी कुजबुजले, किंवा एखाद्या घरचे मूल डबा घेऊन वेगळे बसू लागले, तर त्याच दिवशी त्या घरी जावे. तोड म्हणून स्वयंपाकीण बदलण्याचा विचारही मनात आणू नये. शिक्षकांनी स्वतः पंगतीत, मुलांच्या रांगेत बसून तेच जेवण जेवावे. मी आठवड्यातून तीन दिवस तसे जेवत असे आणि कुजबुज शमवायला दुसरे काही फारसे करावे लागले नाही.

वाढताना

हात साबणाने धुऊन मुले गोल किंवा रांगेने, हजेरीच्या क्रमाने बसावीत. म्हणजे मुलगे आधी आणि मुली नंतर, किंवा वाड्या-वस्त्यांप्रमाणे वेगळे कोंडाळे, असे होत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना आधी वाढावे. दुसऱ्यांदा वाढायला ताईंनी स्वतः रांगेतून फिरावे. भांड्याजवळ येऊन मागा, असे सांगितले की धीट मुले तीनदा येतात आणि सहावी-सातवीच्या मुली एकदाही उठत नाहीत. "किती खातोस!" हे वाक्य शाळेच्या आवारात कोणीही उच्चारू नये, गमतीनेसुद्धा.

तिसरीतील एक मुलगी अर्धे ताट जेवून उरलेली खिचडी दप्तरातल्या प्लास्टिकच्या डब्यात भरत असे. पूर्वी शेंगदाण्याची बरणी होती ती, झाकणाला तडा गेलेला, आणि त्यातून वरण गळून तिच्या भाषेच्या पुस्तकाची पाने पिवळी पडली होती. अन्न शाळेतच खायचे, घरी न्यायचे नाही, असा दंडक असल्याने तिला आधी कोणीतरी रागावले होते. मी विचारले तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, "लहान भावासाठी हाये." आई-वडील मजुरीला गेल्यावर चार वर्षांचा भाऊ आंधळ्या आजीजवळ दिवसभर असे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत गरम ताजा आहार असतोच, पण त्याला तिथवर नेणारे कोणी नव्हते. आम्ही एवढेच केले की शाळेत येताना तिने भावाला अंगणवाडीत सोडावे आणि मधल्या सुट्टीत एकदा पाहून यावे, असे सेविकाताईंशी बोलून ठरवले. चौथ्या दिवशी डबा दप्तरातून गेला आणि तिने पूर्ण ताट खाल्ले. त्या वर्षी दिवाळीनंतर ती जोडाक्षरे वाचू लागली. अन्न लपवणारे मूल दिसले की रागावण्याआधी त्याच्या घरात आणखी कोण भुकेले आहे, ते शोधावे.

अंड्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. राज्याने २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळी, देण्याचा निर्णय घेतला होता. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागाकडे बोट दाखवले. इतक्या कमी पैशांत इतके चांगले प्रथिन दुसरे मिळत नाही आणि अंड्यात भेसळही करता येत नाही. म्हणून तिथी भोजनाला, म्हणजे वाढदिवस किंवा आई-वडिलांच्या स्मरणार्थ जेवण देऊ इच्छिणाऱ्यांना, बुंदीऐवजी अंडी आणि केळी द्यायला सांगावे. बहुतेक जण आनंदाने ऐकतात.

आरोग्य केंद्राकडून येणाऱ्या लोहाच्या गोळ्या जेवणानंतर द्याव्यात आणि फेब्रुवारी व ऑगस्टमधील जंतनाशक गोळीचा दिवस चुकवू नये. पोटात जंत असतील तर जेवलेले अंगी लागत नाही. मात्र आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे अशा मुलाला लोहाची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

गाव रिकामे होते तेव्हा

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. घरची कुटकी आणि ज्वारी तोवर संपत आलेली असते. अशा वेळी मुलांनी आजी-आजोबांजवळ मागे राहावे यासाठी घरोघरी जाऊन बोलावे लागते, आणि त्या बोलण्यात शाळेतील जेवणाचा उल्लेख सर्वांत आधी करावा. म्हाताऱ्या आजीची मोठी चिंता तीच असते. जे मूल जाणारच असेल त्याला शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे ते जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. याच न्यायाने आपल्या गावच्या वीटभट्टीवर किंवा कापसाच्या कामाला आलेल्या कुटुंबाचे मूल दारात दिसले तर दाखला, आधार, जन्मतारीख यांची विचारणा नंतर करावी. आधी त्याचे नाव हजेरीत घ्यावे आणि त्याच दुपारी त्याला पंगतीत बसवावे.

मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की जेवण साडेनऊ-दहाच्या सुमारास द्यावे. शाळा सुटताना दिलेले जेवण उन्हाच्या घाईत अर्धे टाकले जाते. सुट्टी लागण्यापूर्वी फोडलेली डाळ आणि मसाले संपवावेत, उरलेली पोती पुन्हा तोलून शिवून ठेवावीत आणि आकडा समितीच्या सहीने नोंदवावा. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. ते दिवस पेरणीचे असतात. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो आणि कोठीतले धान्य तळाला लागलेले असते. म्हणून शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी पोती उघडून पाखरू पाहावे, टाकी धुऊन घ्यावी, सिलिंडर भरून आणावे आणि ताईंच्या घरी जाऊन तारीख सांगावी. प्रवेशोत्सवाचे फुगे पहिल्या दिवशी नसले तरी चालेल. जेवण त्या दिवशी, साडेबारा वाजता, असलेच पाहिजे.